लाइट येते-जाते, गिरणीची मोटार जळते: पिठाच्या गिरणीतली वीज, स्टार्टर आणि ‘ऑटो’ यांची कामाची माहिती

गावातली पिठाची गिरणी दोन दिवस बंद पडली की प्रत्येक घराला त्याची झळ बसते. दळणाचे डबे गाडीला बांधून शेजारच्या गावाला न्यावे लागतात, बचत गटाच्या पापड-शेवयांची ऑर्डर अडकते आणि गिरणीवाल्याचा मोटार भरायचा खर्च वेगळाच. मोटार भरून आणली तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच झाल्याची उदाहरणे बहुतेक तालुक्यांत मिळतील. दोष बहुतेक वेळा मोटारीला दिला जातो. प्रत्यक्षात मोटार जळण्याची कारणे भिंतीवरच्या स्टार्टरच्या डब्यात, डीपीवर किंवा दोन दगडांच्या मध्ये सापडतात.

त्यात आता शेतीपंपाचे ‘ऑटो’ आणि मोबाइलवर चालणारे स्टार्टर घरोघर झाले आहेत. विहिरीवर चालते ते गिरणीत का नको, असे वाटून अनेकजण तीच जोडणी गिरणीला करतात. गिरणीत मात्र हे चालत नाही. गिरणीतल्या यंत्रणेने मोटार वेळेवर आपोआप बंद करावी. सुरू करणे मात्र समोर उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात राहावे. असे का, ते पुढे सविस्तर दिले आहे.

आधी कनेक्शन बघा

पिठाची गिरणी, डाळ मिल, भात गिरणी, पोहा मिल, मसाला गिरणी हे सगळे महावितरणच्या दरपत्रकात लघुदाब औद्योगिक वर्गात येतात. दुकानाचा व्यापारी दर गिरणीला लागत नाही. वीजबिलावर ग्राहकाचा दरसंकेत छापलेला असतो. तो व्यापारी किंवा घरगुती असेल तर उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन बदलून घ्यावा आणि अर्जाची पोचपावती जपून ठेवावी. औद्योगिक वर्गात २० किलोवॉटपर्यंत एक गट आणि त्यावर दुसरा गट आहे. गावातली साधी गिरणी पहिल्या गटातच बसते. तिथे स्थिर आकार कनेक्शनमागे ठरावीक असतो. वरच्या गटात तो मागणीच्या केव्हीएवर लागतो. म्हणून गिरणीला जोडून मिरची कांडप, डाळ, शेवया अशी एकेक मशीन वाढवणाऱ्यांनी सगळ्यांच्या एचपीची बेरीज कागदावर करून बघावी. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. बेरीज मंजूर भाराच्या वर जात असेल तर भार वाढवून घ्यावा.

शेतीपंपाच्या कनेक्शनवर गिरणी चालवणे सगळ्यात महागात पडते. राज्यात २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे, त्यामुळे मळ्यातल्या शेडमध्ये त्याच वायरवर चक्की जोडायचा मोह होतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये याला अनधिकृत वापर म्हटले आहे. त्यात लागू असलेल्या दराच्या दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासून आहे हे ठरवता आले नाही तर मागच्या १२ महिन्यांची. त्यावर कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील करता येते, पण आधी आकारणीची निम्मी रक्कम भरावी लागते. घरच्या मीटरवर मोठी गिरणी चालवणाऱ्यालाही हेच कलम लागू शकते. आकडा टाकला तर ती थेट वीजचोरी. त्याचे कलम १३५ वेगळे आणि जास्त कडक.

लाइट कोणत्या फीडरची?

गावठाणातली गिरणी आणि मळ्यातली गिरणी यांना मिळणारी लाइट सारखी नसते. जिथे फीडर वेगळे झाले आहेत तिथे गावठाणाला थ्री फेज जास्त वेळ मिळते. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच, साधारण आठ तास, तेही पाळीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. उरलेल्या वेळात अनेक ठिकाणी वाडी-वस्तीच्या दिव्यांसाठी फक्त सिंगल फेज सुरू असते. अशा वेळी घरात बल्ब लागतो, टीव्ही चालतो, म्हणून ‘लाइट आहे’ असे समजून गिरणीचे बटण दाबले जाते. मोटार फिरत नाही, नुसती घुंघुं करते. तेवढ्या अर्ध्या-एक मिनिटातही वायंडिंग जाऊ शकते.

नवी गिरणी टाकणाऱ्याने जागा ठरवायच्या आधी त्या डीपीवर कोणत्या फीडरची लाइट आहे हे वायरमनला विचारावे. जागेचे भाडे शंभर-दोनशे रुपयांनी कमी आहे म्हणून शेती फीडरवर गिरणी टाकली तर दळणाच्या वेळेला, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी, लाइट असेलच याचा भरवसा नाही. आणि रात्री दोनला आली तर दळण घेऊन कोण येणार?

दहा एचपीचा हिशेब

गिरणीवाल्याला सगळे विजेचे शास्त्र येण्याची गरज नाही, पण स्वतःच्या मोटारीचा एक आकडा तोंडपाठ हवा, तो म्हणजे पूर्ण लोडचा अँपिअर. तो मोटारीच्या पाटीवर कोरलेला असतो. पाटी घासून गेली असेल तर थ्री फेज मोटारीला एचपीमागे साधारण १.४ अँपिअर धरतात. म्हणजे दहा एचपीची मोटार पूर्ण लोडवर सुमारे १४ अँपिअर घेते. विजेच्या युनिटमध्ये सांगायचे तर दहा एचपी म्हणजे ७.४६ किलोवॉट, मोटारीतली गळती धरून मीटरवर साडेआठच्या आसपास. पूर्ण लोडवर तासभर चालली की सुमारे साडेआठ युनिट.

आपल्या गिरणीचा खरा खर्च काढायचा असेल तर गव्हाच्या १०० किलो दळणाआधी आणि नंतर मीटरचे रीडिंग लिहावे. समजा आठ युनिट पडले आणि बिलातले सगळे आकार मिळून युनिट नऊ रुपयांना जाते, तर किलोमागे ७२ पैसे नुसती वीज झाली. हे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत, प्रत्येकाने आपल्या बिलावरून आपले काढावेत. खरी गंमत पुढच्या महिन्यात कळते. त्याच १०० किलोला आठाऐवजी साडेनऊ युनिट लागायला लागले तर दगड गुळगुळीत झाले, टाकी लावायची वेळ आली, किंवा पट्टा घसरतो आहे, किंवा बेअरिंग धरले आहे. पीठ हाताला जास्त गरम लागते ते याच काळात. असे वाढलेले पैसे बिलात दिसतात खरे, पण तिथे कारण लिहिलेले नसते. वहीतल्या रीडिंगवरून ते कळते.

पावसाळ्यात दाणा सर्द असतो, तेव्हा अँपिअर थोडा वाढणारच. ओलसर ज्वारी-बाजरी दगडाला चिकटते. अशा वेळी दाण्याची धार बारीक ठेवावी. गिऱ्हाईक घाई करते म्हणून धार वाढवली तर मोटार तापते आणि पीठही जाडसर येते.

एक फेज गेला की काय होते

तीन फेजपैकी एक गेला, डीपीवरचा फ्यूज उडाला किंवा खांबावरची वायर सुटली, तर चालू मोटार लगेच थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजवर रडत-कढत फिरत राहते. लोड तोच असल्याने त्या दोन फेजमधला करंट सुमारे पावणेदोन पट होतो. १४ अँपिअरची मोटार २४ च्या आसपास ओढू लागते. आवाज बदलतो, वेग पडतो, वास यायला लागतो. गिरणीच्या गोंगाटात हे पटकन कळत नाही.

‘स्टार्टर आहे ना, तो पडेल की’ असे अनेकांना वाटते. साध्या स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल दोन फेजवर जोडलेली असते. गेलेला फेज त्या दोनपैकी असला तर कॉइल बहुधा सुटते आणि मोटार वाचते. तिसरा गेला तर कॉइलला काही कळतच नाही. शिवाय फिरती मोटार गेलेल्या फेजवर स्वतःच थोडा व्होल्टेज परत पाठवते, त्यामुळे कधी कधी कॉइल फसून धरून बसते. ‘मागच्या वेळी स्टार्टर पडला होता, या वेळी का नाही पडला’ याचे उत्तर इथे आहे.

यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवतात. तो दोन प्रकारचा मिळतो. एक नुसता व्होल्टेज बघतो, दुसरा मोटारीकडे जाणारा करंट बघतो. स्वस्त असतो तो बहुधा पहिला. त्याचा दोष असा की फिरत्या मोटारीचा परत आलेला व्होल्टेज त्याला फसवू शकतो, आणि त्याच्या पुढे, म्हणजे स्टार्टर ते मोटार यांच्या मध्ये, वायर तुटली किंवा कॉन्टॅक्ट जळाला तर त्याला ते दिसत नाही. करंटवर चालणारा थोडा महाग पडतो, पण मोटार एकदा भरायच्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही. पॅनेलला पैसे कमी असतील तर चकचकीत दिवे आणि मोठा डबा सोडावा, हा घ्यावा.

डीपीवर काम झाल्यावर दोन फेजची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते. साध्या गिरणीत उलट्या दगडाने पीठ नीट पडत नाही आणि नट सैल होऊ शकतात. एलेव्हेटर असलेल्या मिलमध्ये नुकसान मोठे होते. फेजचा क्रम बघणारा रिले काही प्रिव्हेंटरमध्येच असतो, घेताना विचारून घ्यावा. तोपर्यंत गावात डीपीचे काम झाले की पहिल्यांदा मोटार रिकामी, क्षणभर चालवून दिशा बघायची सवय ठेवावी.

रिले आहे, पण सेटिंग?

ओव्हरलोड रिले जवळजवळ प्रत्येक स्टार्टरमध्ये असतो. त्यावर अँपिअरची छोटी चकती असते. गिरणी सारखी पडते म्हणून ती चकती कोणीतरी पेचकसाने शेवटपर्यंत फिरवून ठेवलेली असते. मग रिले असून नसल्यासारखाच. थेट चालू होणाऱ्या साध्या स्टार्टरला तो मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरएवढा ठेवतात.

स्टार-डेल्टा स्टार्टरला इथे वेगळा नियम आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो चुकलेला आढळतो. त्यात रिले बहुधा डेल्टाच्या आतल्या वायरवर असतो. तिथून पूर्ण करंट जात नाही, ०.५८ पट जातो. म्हणजे १४ अँपिअरच्या मोटारीला चकती आठच्या जवळ हवी. ती १४ वर ठेवली असेल तर मोटार जळून कोळसा झाली तरी रिले पडणार नाही. आपल्या पॅनेलमध्ये रिले कुठे आहे हे माहीतगार इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून, चकतीचा योग्य आकडा डब्याच्या झाकणावर रंगाने लिहून घ्यावा.

रिले वारंवार पडतो म्हणजे काहीतरी दुखते आहे. दगड, पट्टा, बेअरिंग, ओला दाणा, कमी व्होल्टेज ही पाच ठिकाणे बघावीत. स्टार्ट बटणात काडी खुपसणे, किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी जाड तार घालणे हे प्रकार अजून चालतात. त्याने एक दिवसाचे दळण होते आणि नंतर मोटार जाते. शेड पेटले तर मोटारीपुरते भागत नाही.

व्होल्टेजचेही तसेच. गिरणीच्या मोटारी बहुधा ४१५ व्होल्टच्या असतात आणि दहा टक्के खाली-वर सहन करतात. म्हणजे ३७५ च्या खाली काटा गेला की दळण थांबवावे. संध्याकाळी सगळ्या मळ्यांतल्या मोटारी सुरू झाल्या की काटा खाली येतोच. व्होल्टमीटर आणि अँपमीटर हे दोन साधे मीटर पॅनेलवर असले आणि ते दाणे ओतणाऱ्याला दिसतील असे लावले, तर अर्धे काम तिथेच होते. अनेक ठिकाणी मीटर असतात, पण पिठाने इतके माखलेले की काटा दिसत नाही.

गिरणीला ‘ऑटो’ का नको

विहिरीवरच्या मोटारीला ऑटो लावतात कारण रात्री लाइट आली की ती आपोआप सुरू व्हावी. तिथे पाणीच उपसायचे असते, जवळ कोणी नसते. गिरणीत लाइट जाते तेव्हा दगडांमध्ये दाणे तसेच अडकून राहतात. लाइट गेली म्हणून चालक झाकण उघडून आत हात घालतो, दाणे मोकळे करतो, पट्टा नीट बसवतो, दगडाची धार बघतो. दळणाला आलेल्या बायका पट्ट्याजवळून डबे घेऊन ये-जा करतात, पदर-ओढणी लोंबत असते. अशा क्षणी लाइट आली आणि मोटार स्वतःहून फिरली तर बोटे जातात, हात जातो, पदर पट्ट्यात ओढला जातो. काही सेकंदांत सगळे होऊन जाते.

दुसरे कारण मोटारीचे. मोटार थेट सुरू करताना सहा-सात पट करंट घेते. स्टार-डेल्टात तो एक तृतीयांश होतो, पण सुरुवातीचा जोरही एक तृतीयांशच उरतो. दगड दाण्यांनी भरलेले असले तर तेवढ्या जोरात ते सुटत नाहीत. मोटार जागेवर अडकते आणि तापत राहते. म्हणून लाइट गेली की आधी दाण्याची धार बंद करायची, दगड थोडे सैल करायचे, आतले मोकळे करायचे. लाइट आल्यावर मोटार रिकामी सुरू करायची, स्टारमधून डेल्टात गेली, वेग आला, की मग दगड जवळ आणि दाणे चालू. बंद करताना उलट: आधी दाणे बंद, दगड रिकामे होऊ द्या, शेवटी मोटार.

साध्या पुश बटणाच्या स्टार्टरमध्ये ही सोय मुळातच आहे. लाइट गेली की नो-व्होल्ट कॉइल सुटते आणि पुन्हा हिरवे बटण दाबेपर्यंत मोटार सुरू होत नाही. ऑटो लावणे म्हणजे ही सोय पैसे देऊन काढून टाकणे. मोबाइलवरून चालू होणारा स्टार्टर तर गिरणीत अजिबात नको. मोबाइलवरून बंद करता आले तर हरकत नाही.

साफसफाई किंवा टाकी लावायच्या वेळी स्टार्टर बंद करून भागत नाही. मेन स्विच खाली ओढून फ्यूज काढायचा आणि तो खिशात ठेवायचा. जुने गिरणीवाले हे करतात, नव्या पोरांना सांगावे लागते. लाल मोठे बटण, जे दाबले की सगळे थांबते, ते दाणे ओतणाऱ्याच्या हाताला लागेल अशा जागी हवे. काही शेडमध्ये ते मोटारीच्या मागच्या भिंतीवर असते, म्हणजे बंद करायला फिरत्या पट्ट्यावरून वाकावे लागते. पट्ट्याला जाळी नसेल तर आधी ती बसवावी, बाकीचे नंतर.

मग आपोआप काय असावे?

अँपिअर बघून दाण्याची धार कमी-जास्त करणारी यंत्रणा मिळते, ती कामाची आहे. करंट वाढला की धार आपोआप कमी होते, कमी झाला की वाढते. मोटार कायम तिच्या ताकदीच्या आत चालते आणि पिठाचा पोतही एकसारखा येतो. वरचा डबा रिकामा झाला की घंटी वाजवणारा सेन्सर स्वस्तात बसतो. दाणा नसताना दगडावर दगड घासला तर दगडाची कचर पिठात जाते आणि ठिणग्या उडतात, म्हणून हा सेन्सर जास्त महत्त्वाचा. दाणे पडण्याच्या वाटेवर लोहचुंबक लावलेला असावा. खिळा, तारेचा तुकडा दगडात जाण्याआधी तिथे अडकतो. त्याला वीजही लागत नाही, फक्त रोज पुसावा लागतो.

बचत गटांकडे आणि घरांत दिसणारी एक एचपीची सिंगल फेज घरघंटी यात पुढे आहे. झाकण उघडले की बंद, जास्त लोड आला की बंद, दळण संपले की बंद, अशी सोय बहुतेक मॉडेलमध्ये असते. झाकणाचा स्विच सारखा त्रास देतो म्हणून तो टेप लावून दाबून ठेवल्याचे प्रकार होतात, ते करू नये. घरघंटीला खरा धोका न्यूट्रल तुटण्याचा आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सुटला की काही घरांत व्होल्टेज २३० वरून ३०० च्या पुढे, कधी ४०० पर्यंत जातो आणि घरघंटीबरोबर टीव्ही, फ्रिजही जातो. बल्ब अचानक भगभगीत पेटले तर क्षणाचा विचार न करता मेन स्विच पाडावा. जास्त व्होल्टेजला आपोआप तोडणारे छोटे उपकरण बाजारात आहे, घरघंटीवर धंदा करणाऱ्या महिलांनी ते बसवून घ्यावे.

तालुक्याच्या ठिकाणी गहू धुऊन-भिजवून रोलरवर दळणाऱ्या मोठ्या मिल आहेत. तिथले नियंत्रण संगणकासारख्या पॅनेलवर चालते, पण तत्त्व तेच. माल जिकडे जातो त्या टोकाची मशीन आधी सुरू होते आणि दाणे सोडणारी सगळ्यात शेवटी. मधली एक थांबली तर तिच्या मागच्या सगळ्या आपोआप थांबतात, नाहीतर माल तुंबतो. एलेव्हेटरचा पट्टा घसरून वेग कमी झाला तरी सेन्सर ते ओळखून थांबवतो. छोटी दोन-तीन मशीनची मिल टाकणाऱ्यानेही इलेक्ट्रिशियनकडून एवढी साखळी जोडून घ्यावी. त्याला मोठा पॅनेल लागत नाही, दोन-तीन कॉन्टॅक्टर पुरतात. अशा सुधारणांसाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत बँक कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवले आहे. सध्या अर्ज सुरू आहेत का, ते कृषी कार्यालयात विचारावे.

कपॅसिटर आणि ‘वीज बचत’ डबे

मोटारीला कपॅसिटर लावला की लाइनमधला करंट कमी होतो, वायर कमी तापते, व्होल्टेज थोडा सावरतो. दहा एचपीला साधारण चार केव्हीएआर, पाचला दोन. फुगलेला, गळका कपॅसिटर लगेच काढावा. स्विच बंद केल्यावरही त्यात वीज काही वेळ राहते, हात लावू नये.

प्लगमध्ये खोचायचे ‘बिल निम्मे करणारे’ डबे आठवडी बाजारात आणि मोबाइलच्या जाहिरातीत येतात. त्याने बिल निम्मे होत नाही. ते पैसे दगडाला टाकी लावण्यात घालावेत. जुनी, तीनदा भरलेली मोटार बदलून आयई३ दर्जाची घेतली तर मात्र बचत खरी असते, विशेषतः दिवसाला पाच-सहा तास दळण असेल तर. मोटार भरताना मूळ तारेचा गेज आणि वेढे तेवढेच ठेवले का, हे विचारायला लाजू नये.

जनरेटर आणि सोलर

पूर्वी गिरण्या इंजिनवर चालायच्या, पुक-पुक आवाज शिवारभर ऐकू यायचा. आजही काही ठिकाणी इंजिन किंवा ट्रॅक्टरवर पट्टा टाकून काम भागवतात. जनरेटर घेताना मोटारीच्या सुरुवातीच्या करंटचा विचार करावा, चालत्या लोडएवढा जनरेटर मोटार सुरू होतानाच बसतो. जनरेटर आणि महावितरणची लाइट यांच्या मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर जनरेटरची वीज उलटी लाइनवर जाते, डीपीतून चढून अकरा हजारांच्या तारेपर्यंत पोचते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जातो.

सोलरबाबत एक गैरसमज पक्का आहे. नेट मीटरचे छतावरचे सोलर लाइट गेली की स्वतःही बंद होते. खांबावरच्या माणसाला झटका बसू नये म्हणून तशी रचनाच असते. लोडशेडिंगमध्ये गिरणी चालेल म्हणून ते घेऊ नये. बिल कमी करायला ते चांगले, एक किलोवॉटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास देते. लाइट नसताना चालवायचे असेल तर व्हीएफडीवर चालणारी वेगळी सोलर चक्की लागते आणि ढग आले की तिचा वेग पडतो. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांना आहे, गिरणीच्या औद्योगिक कनेक्शनला नाही. विक्रेता वेगळे सांगत असेल तर ते लेखी मागावे.

पिठाची धूळ

मोटारीच्या मागच्या पंख्याच्या जाळीवर पीठ बसले की हवा जात नाही आणि मोटार लोड नसतानाही तापते. आठवड्यातून एकदा, मेन बंद करून, कोरड्या ब्रशने ती झाडावी. स्टार्टरच्या डब्याला वायर जाते ती भोके रबराने बंद करावीत. पीठ असेल तिथे उंदीर येणारच, आणि पिठानंतर त्याला वायरचे कव्हर आवडते. वायर पाइपातूनच न्यावी.

हवेत तरंगणारी बारीक पिठाची धूळ बंद जागेत ठिणगी मिळाल्यावर बारुदासारखी पेटते. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात वॉशबर्न ए ही अवाढव्य पीठगिरणी अशाच स्फोटात उडाली आणि १८ माणसे गेली. गावच्या मोकळ्या शेडमध्ये एवढा मोठा धोका नसतो, पण दारे-खिडक्या लावून, उघडा होल्डर, ठिणगी मारणारा स्विच आणि तोंडात बिडी असे दळण करू नये. बंद काचेचा दिवा लावावा, वर जाळीचा झरोका ठेवावा.

अर्थिंगबाबत नियम स्पष्ट आहे. थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या तारांनी अर्थिंग हवे, एक तुटली तरी दुसरी राहावी म्हणून. दगडाच्या लोखंडी सांगाड्यालाही जोडावे, कारण गिऱ्हाईक टेकते ते तिथेच. गळती झाली की तोडणारे आरसीसीबी बसवले तर ओल्या हाताने डबा उचलणाऱ्या बाईला झटका बसायच्या आत लाइट जाते. त्यावर टेस्टचे बटण असते, महिन्यातून एकदा दाबून बघायचे. दाबल्यावर पडले नाही तर ते बदलायचे.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मे महिन्यातच मसाला, शेवया, कुरडयांची गर्दी असते. त्या काळात खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतावे. व्होल्टेज सतत कमी राहत असेल, एक फेज वारंवार जात असेल तर तारीख-वेळ वहीत लिहून १९१२ वर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक त्याच ओळीत लिहावा. नुसते वायरमनला सांगून तक्रारीची नोंद होत नाही. पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जायची वेळ आली तर ही वहीच पुढे ठेवता येते.